नवसाचा ओंडका

देवीच्या झाडीचा नियम आमच्या गावात कुठे लिहिलेला नाही. तो तोंडी आहे आणि सोपा आहे. झाडीतलं लाकूड झाडीबाहेर जात नाही. वाळून गळलेली काटकी असो की वावटळीने पाडलेलं आख्खं झाड, ते पडलं तिथेच राहतं. जाळायचंच असेल तर झाडीतच जाळायचं, तेही देवीच्या सैपाकाच्या चुलीत. चूल आत येते, लाकूड बाहेर जात नाही.

गाव तीर्थपुरी आणि कुंभार पिंपळगाव यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. आजूबाजूला ऊस, कापूस आणि मोसंबी. मोठी झाडं फक्त बांधांवर होती आणि बांध दोन्हीकडून कोरले गेल्यामुळे तीही कमी झाली. त्यामुळे एक-दीड एकराची ही झाडी लांबून ओळखू येते. आत बाभळी, हिवर, बोरी, दोन चिंचा आणि एक जुना कडुलिंब. देवी म्हणजे तांदळा, शेंदूर लावलेला एक गोल दगड. त्याच्यावर छप्पर नाही.

मी जालन्याला एका दैनिकात काम करतो. आमच्या जिल्ह्यात जंगल थोडं आणि जंगलाच्या बातम्या पुष्कळ. त्यातल्या बऱ्याच माझ्या हाताखालून गेल्या आहेत. गावच्या झाडीची बातमी मात्र कधी झाली नाही, कारण तिथे काही घडत नव्हतं. झाडं उभी होती, आणि उभ्या झाडाची बातमी होत नाही.

घडायला सुरुवात झाली ती माझ्या चुलत्यांच्या मोसंबीमुळे.

चुलत्यांना गावात लहानथोर सगळे आबा म्हणतात. त्यांची बाग झाडीला लागून, उत्तरेकडे आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे कडुलिंबाची सावली बागेत येते आणि कडेच्या ओळींवर दिवसाचा बराच भाग पडून राहते. त्या ओळींना फूल कमी लागायचं आणि लागलेलं गळायचं. व्यापारी बाग बघायला आला की आबा त्याला उलट्या बाजूने आत न्यायचे आणि कडेच्या ओळी यायच्या आत चहाला बाहेर काढायचे.

कडुलिंबाला आमच्याकडे नुसतं लिंब म्हणतात. या लिंबाचं खोड एका माणसाच्या कवेत मावत नाही. त्याची एक फांदी आडवी वाढत बागेवर गेली होती आणि ती एकटीच एखाद्या झाडाएवढी होती. आबांचं म्हणणं असं, की लिंब देवीला काही देत नाही आणि त्यांचं मात्र घेतो.

काकूचं म्हणणं वेगळं होतं. गावात पार आहे, पण पारावर बाप्ये बसतात. बायका लिंबाखाली बसतात. मंगळवारी देवीला दिवा लावायला जायचं आणि दिवा लावून झाला तरी बराच वेळ परत यायचं नाही, ही पद्धत काकूच्या सासूच्या आधीपासूनची आहे. लिंबाखाली पाय पसरून बसता येतं, मोठ्याने हसता येतं आणि सैपाकाचं काय झालं असं विचारणारं कोणी नसतं.

"लिंब गेल्यावर तुमच्या मोसंबीखाली बसावं का आम्ही?" काकू आबांना विचारायची. "काटे टोचून घेत?"

"बसताच कशाला? घरी बसा की."

"घरी तुमी बसता."

एका रविवारी मी गावी गेलो होतो तेव्हा आबांनी तीर्थपुरीहून लाकडाच्या वखारीच्या शेठना झाड दाखवायला आणलं होतं. शेठचं घराणं राजस्थानातलं, पण इथे येऊन पिढ्या झाल्या. ते बोलतात आमच्यासारखंच, फक्त मालाच्या भावाचा विषय निघाला की हिंदीत जातात. त्यांनी लिंबाला एक फेरी मारली, खोडावर बोटाने टकटक केलं आणि वर बघितलं.

"माल चांगला हाय," ते म्हणाले.

"मंग घेऊन जा."

"पण हाय कुणाचा?"

"कुणाचा म्हंजे? झाडीतला."

शेठनी खिशातून रुमाल काढून हात पुसले. "देवीचा माल आपण घेत न्हाई, आबा. बिलकुल न्हाई. बाजार में इसका कोई भाव नहीं."

"लिंबाला भाव न्हाई?"

"लिंबाला हाय. देवीला न्हाई. आज मी ह्याच्या फळ्या पाडल्या अन् उद्या माझ्या आरामशीनचं पातं तुटलं, तर लोक काय म्हणतील? पातं जुनं झाल्तं असं कोणीच म्हणणार न्हाई."

बातमीला दोन बाजू लागतात हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. इथे दोन्ही होत्या, पण उलट्या जागी बसल्या होत्या. लाकूड कापून पोट भरणारा माणूस झाडाला हात लावायला तयार नव्हता. झाडं लावून, पाणी घालून, जगवून पोट भरणारा माणूस ते तोडायला निघाला होता.

गाडीत बसताना शेठ सहज म्हणाले, "बाहेर काढता येत न्हाई तर इथंच जाळा. देवीचं देवीला."

आबांनी ते सहज घेतलं नाही. थोड्या दिवसांनी कळलं, की आबांनी देवीला नवस बोलला आहे. गुडघा बरा झाला तर आख्ख्या गावाला पुरणाचा भंडारा घालीन. आबांचा गुडघा दुखतो हे तोवर घरात कोणाला माहीत नव्हतं, बहुधा गुडघ्यालाही नव्हतं. नवस बोलल्यावर तो जल्दी बरा झाला.

गावच्या भंडाऱ्याला लाकूड लागतं आणि भंडारा झाडीतच होतो. कोणीतरी मंगल कार्यालयातल्या गॅसच्या शेगड्या आणू म्हणून सुचवलं. आबांना धक्का बसला.

"देवीचा सैपाक गॅसवर? काही धरमबिरम हाय का न्हाई?"

काकू त्या वेळी तिथेच तांदूळ निवडत होती. ती काही बोलली नाही. आबांनी याचा अर्थ संमती असा घेतला. चाळीस वर्षांच्या संसारानंतरही त्यांनी तो तसा घेतला, याची मी नोंद करून ठेवतो.

कटर मशीनवाला आला त्या सकाळी मी हजर होतो. झाड तोडायला परवानगी घेतली का, असं मी विचारलं.

"ए पेपरवाल्या," आबा म्हणाले, "झाड कोण तोडून राह्यलंय? फांदी छाटायची हाय. पुढचं पुढं बघू."

पुढचं म्हणजे काय, ते सगळ्यांना दिसत होतं. मशीनवाल्याने बागेवरच्या मोठ्या फांदीपासून सुरुवात केली. ती दोराने ओढून झाडीच्या बाजूला पाडली तेव्हा जमीन हलल्यासारखी वाटली आणि मग बराच वेळ पाला खाली येत राहिला. आबांनी फांदीकडे बघितलंच नाही. ते बागेत गेले आणि कडेच्या ओळीत जाऊन उभे राहिले. तिथे ऊन आलं होतं. आबा त्या उन्हात टोपी काढून उभे होते, थंडीत लोक शेकोटीजवळ उभे राहतात तसे.

तेवढ्यात काकू आली. बरोबर मंगळवारच्या दोघी-तिघी होत्या.

"पडली का?"

"पडली."

"चांगलं झालं. आता मशीन बंद करा."

"का बरं?"

"नवसाचं लाकूड नवसातच संपतं. तोडलेलं संपल्याबिगर दुसऱ्याला हात लावत न्हाईत. अन् उरलं तर नवस उरला."

"हे कोणी सांगितलं?"

"तुमच्या आईनं."

आबांना यापुढे काही विचारता येईना. त्यांची आई, म्हणजे माझी आजी, जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि ती असतानाही तिला उलट विचारायची पद्धत घरात नव्हती. मशीनवाल्याने मशीन खाली ठेवलं. आबांनी त्याला चालू कर म्हटलं, तर तो म्हणाला, "आबा, मला पण लेकरंबाळं हायती."

"बरं," आबा म्हणाले. "एक फांदी तर हाय. एका भंडाऱ्यात राख व्हईल. मंग बघतो बाकीचं."

इथे त्यांचा अंदाज चुकला. तो आमच्यापैकी कोणाचाही चुकला असता. गावात घरोघरी गॅस येऊन वर्षं झाली होती, आणि लिंबाच्या एका फांदीत किती जेवणं असतात हे कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

भंडाऱ्याच्या दिवशी झाडीत चुलींची रांग लागली. पुरण शिजलं, पोळ्या झाल्या, गुळवणी झाली, भात झाला, आमटी झाली. ओल्या लिंबाचा धूर इतका, की वाढणाऱ्याला पानावर बसलेला माणूस आवाजावरून ओळखावा लागत होता. गाव जेवलं. पाव्हणेरावळे जेवले. मग सगळे पान खात फांदीपाशी आले. शेंड्याकडच्या काटक्या संपल्या होत्या. बाकीची फांदी होती तशी पडून होती.

"उद्या पुन्हा," काकू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पुरण झालं. तिसऱ्या दिवशी कुंभार पिंपळगावहून मोटारसायकली यायला लागल्या. नवस कोणाचा, कशासाठी, हे कोणी विचारत नव्हतं. येणारा माणूस आधी देवीला हात जोडायचा, मग लाकडाकडे बघायचा आणि अजून बरंच आहे हे बघून निवांत बसायचा.

काकूने सांगितलेला नियमाचा दुसरा भाग खरा आहे का, हे तपासायचं मी ठरवलं. आमच्या धंद्यात एका सूत्रावर विसंबत नाहीत. पहिल्या म्हाताऱ्याने सांगितलं, की नियम अगदी असाच आहे, त्याच्या आज्याच्या वेळेपासून. दुसऱ्याने सांगितलं, की नियम याहून कडक होता, तेव्हा गूळसुद्धा नवस करणाऱ्याच्या घरचाच लागायचा. तिसऱ्या म्हातारीने माझा प्रश्न पुरा होऊ दिला नाही. "बराबर हाय, बराबर हाय," ती म्हणाली आणि गुळवणी मागितली. तिन्ही सूत्रांनी दुजोरा दिला. तिन्ही सूत्रांच्या पानात पोळी होती. बातमी मी लिहिली नाही.

चौथ्या दिवशी पुरणाच्या जागी लापशी झाली. त्यानंतर खिचडी झाली. फांदी आता नुसती लांबट राहिली होती, पण जाड भाग तसाच होता, आणि जाड भाग सावकाश जळतो. पंगत दिवसेंदिवस मोठी होत होती आणि पानातलं कमी होत होतं. वखारीचे शेठ रोज येत होते. ते बाजूला, धूर येणार नाही अशा जागी बसत.

"शेठ," आबा त्यांना वाढता वाढता म्हणाले, "हा सल्ला तुमचा होता."

"सल्ला फुकट दिल्ता, आबा. जेवण पण फुकट. बराबर झालं की."

"वर्षभर लाकूड विकता तुमी. एका फांदीत एवढं असतं हे सांगायचं तर होतं."

"मी विकतो ते लाकूड वाळलेलं असतं," शेठ म्हणाले, "अन् घेणारा त्याच्यावर गावजेवण घालत न्हाई. खिचडीत जरा तूप चालेल."

नंतर एका सकाळी आबांनी चुलीवर नुसता चहा ठेवला. त्यावरून झाडीत वाद झाला. चहा हा सैपाक आहे का? एका गटाचं म्हणणं होतं, की देवीला आधी दाखवला की कशाचाही प्रसाद होतो. दुसऱ्या गटाचं म्हणणं होतं, की चहाने नवस फिटत असता तर पारासमोरच्या हॉटेलवाल्याचे सात जन्मांचे नवस फिटले असते. शेवटी काकूला विचारलं. तिने चहाबरोबर बिस्कीट पाहिजे असा निकाल दिला. बिस्किटाबद्दल आजी काय म्हणाली होती, हे आबांनी विचारलं नाही.

असं करत करत फांदीचा बुडखा तेवढा राहिला. जिथे ती खोडाला जोडलेली होती तिथला हा ओंडका. त्याला गाठी होत्या. कुऱ्हाड मारली तर आत जायच्या ऐवजी उडायची. आबा त्याच्यासमोर उकिडवे बसले. त्यांचा चेहरा राखेने भुरका झाला होता. पाठीमागे त्यांच्या मोसंबीच्या दोन ओळींवर ऊन होतं आणि त्यामागच्या ओळी अजून लिंबाच्या सावलीत होत्या. उरलेला लिंब पाडायचा तर आधी हा ओंडका जाळून संपवायचा, आणि मग ते आख्खं खोड. आबांनी मान वर करून खोडाकडे बघितलं. त्यांनी इतके दिवस ते मोसंबीच्या बाजूने बघितलं होतं. आता ते चुलीच्या बाजूने बघत होते.

"राहू द्या," काकू म्हणाली. "दर मंगळवारी एक ढलपी जाळली तरी नवस चालू धरतात."

"हे पण आईनंच सांगितलं?"

"मंग? अजून कोण सांगणार?"

प्रकरण इथे मिटलं असतं. पण पुढच्या उन्हाळ्याआधी सरपंच हातात टेप घेऊन झाडीत आले. देवीला सभामंडप मंजूर झाला होता. लोखंडी खांब, वर पत्रा, खाली फरशी. सरपंच माणूस वाईट नाही. उघड्यावर बसलेल्या देवीला छप्पर मिळावं असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि छपराच्या पाटीवर स्वतःचं नाव असावं असंही. आबा ओंडक्यावर बसले होते. मंगळवार होता. लिंबाखाली काकू आणि बाकीच्या वाती वळत होत्या. मी आबांच्या शेजारी उभा होतो.

"आबा, खूशखबर देतो," सरपंच म्हणाले. "मंडपाचा खांब नेमका लिंबाच्या जाग्यावर येऊन राह्यलाय. लिंब काढावा लागंल. रीतसर परवानगी मी आणतो. तुमची मोसंबी सगळी उजाडात येते का न्हाई बघा."

आबांनी मान वळवून बागेकडे बघितलं. त्यांना जे पाहिजे होतं ते समोर उभं होतं, आणि त्यासाठी त्यांना एक पोळीसुद्धा लाटावी लागणार नव्हती. काकूने मान वर केली नाही, पण तिची वात वळायची थांबली होती.

"लाकडाचं काय करणार?" आबांनी विचारलं.

"लिलाव करू. पैसा मंडपालाच."

"अन् जेवण?"

"कसलं जेवण?"

हा प्रश्न सरपंचांनी विचारायला नको होता.

"कसलं जेवण?" आबा ओंडक्यावरून उठले. "मी सर्कलमधल्या सगळ्या गावांना पुरण घातलं, लापशी घातली, खिचडी घातली, तुझ्या सासुरवाडीची माणसं तीन येळा जेवून गेली, अन् तू नुसता टेप घेऊन आला? नवसाचं लाकूड नवसात संपतं. माझा नवस अजून चालू हाय. पहिला हा ओंडका संपव. मंग तुझा लिंब तोड, अन् तो पण इथंच जाळ, अन् त्याच्यावर गावाला जेवू घाल. पुरणाचं. बिस्कीट चालणार न्हाई."

"आबा, हे सरकारी काम हाय. सरकारला नवस कुठं लागू हाय?"

"देवीला मंडप सरकारचा चालतो, मंग सरकारला नवस देवीचा का चालत न्हाई?"

बायकांमधून एक हसली. मग सगळ्याच हसल्या. सरपंचांनी ओंडक्याकडे बघितलं. मग लिंबाचं खोड बुडापासून वरपर्यंत बघितलं. त्यांनी मनातल्या मनात पंगती मांडून पाहिल्या असाव्यात, कारण त्यांनी टेप गुंडाळायला सुरुवात केली. त्यानंतर काकूची वात पुढे सुरू झाली.

सभामंडप शेवटी पाराला लागून झाला. त्यात देवी नाही. उन्हाळ्यात पत्रा तापतो, म्हणून दुपारी तिथे कोणी बसत नाही. पारावरच्या काही बाप्यांनी झाडीत येऊन बसायचा प्रयत्न केला. मंगळवारी नको, असं त्यांना सांगण्यात आलं. नंतर बाकीचे दिवसही मंगळवारात धरले गेले. आबांना तेवढी सवलत आहे. नवस त्यांचा असल्यामुळे ते ओंडक्यावर बसू शकतात, पण ओंडका लिंबापासून जरा लांब सरकवलेला आहे.

परवा गेलो तेव्हा ओंडक्याखाली विटा दिसल्या.

"ह्या कशाला?"

"वाळवी लागती," आबा म्हणाले.

"लागू द्या की. लवकर संपेल."

"तू गप. तुला त्यातलं काही कळत न्हाई."

काकूने दिवा लावला, विळ्याने ओंडक्याची एक ढलपी काढली आणि चुलीत टाकली. ढलपी इतकी पातळ होती, की आरपार उजेड दिसत होता.

मग आबांनी मला बागेत नेलं. पूर्वी ते लोकांना कडेच्या ओळींपासून लांब ठेवायचे. या वेळी ते सरळ तिथेच गेले, उन्हातल्या दोन ओळी ओलांडून सावलीतल्या ओळीत शिरले आणि एक मोसंबी तोडून माझ्या हातात दिली.

"खाऊन बघ. लोक म्हणतात सावलीत फळ गोड होत न्हाई. काही खरं न्हाई त्यात."

मी सोलून एक फोड तोंडात टाकली. ती आंबट होती. आबा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि कुंपणापलीकडून काकूही बघत होती.

"गोड आहे," मी म्हणालो.

"बघ," आबा काकूकडे वळून म्हणाले. "पेपरवाला सांगून राह्यलाय."